एक्केचाळीस नंबरची पट्टी

लिफ्टनं शेवटचे चारेक इंच एकदम टाकून दिले. डेन्झिल कर्नोच्या टाचांना तळमजला लागला, आणि तो दणका टाचेतून घोट्यात, घोट्यातून गुडघ्यात, तिथून कमरेत असा चढत मणक्यावाटे थेट दाढांपर्यंत गेला. कुठं किती मुरला आणि कुठं तसाच पुढं सरकला, हे त्यानं नकळत टिपून घेतलं. गुडघ्यांनी काहीच केलं नव्हतं, ते बेसावध होते. सगळं कमरेनं घेतलं. शेजारी कपड्यांची टोपली घेऊन उभी असलेली तिसऱ्या मजल्यावरची बाई त्याचा चेहरा बघून म्हणाली, "पोचलो ना खाली? मग झालं की." आणि टोपली कमरेवर टेकवून धुलाईच्या खोलीकडे निघूनही गेली. तो मात्र दारातच उभा राहिला. दार दोनदा त्याच्या खांद्याला लागून परत उघडलं. आज कारखान्यात जायचं नाहीये, असं त्याला वाटत होतं. तो आजारी नव्हता, थकलेला नव्हता. बाहेर लाँग बीचचं ऑक्टोबरातलं ऊन रोजच्यासारखं पसरलं होतं, समोरच्या ताडांची सावली रस्त्यावर रोजच्या जागी पडली होती. तरी जायचं नव्हतं. आणि का, ते त्याला काल दुपारपासून माहीत होतं. फक्त आत्तापर्यंत ते डोक्यात कुठंतरी पाय न वाजवता बसून राहिलं होतं. या दणक्यानं ते उठून उभं राहिलं.

त्याचे वडील अशा लिफ्टला लिफ्ट म्हणालेच नसते. ते कॉर्नवॉलमध्ये कथलाच्या खाणीवर पाळण्याचं इंजिन चालवायचे. चौदाशे फूट खोल विहीर, तिच्यात तारेवर लोंबणारा लोखंडी पाळणा, पाळण्यात सोळा माणसं, आणि वर इंजिनघरात एकटे जेम कर्नो, हातात पितळी दांडा. पाळणा त्यांना दिसायचा नाही. समोरच्या मोठ्या तबकडीवर काटा फिरायचा आणि कडेला खडूच्या खुणा असायच्या, तेवढ्यावर सगळं. पाळणा तळाला कधी टेकला ते आतल्यांना कळू नये, एवढीच त्यांची ईर्षा. खाणकामगार म्हणायचे, आज जेम आहे ना, मग चहा काठोकाठ भरा. लहानपणी डेन्झिलनं वडिलांना फुशारकी मारताना कधी ऐकलं नाही. फक्त एकदा, दुसऱ्या इंजिनवाल्यानं पाळणा आपटला आणि एका माणसाचा गुडघा गेला तेव्हा, जेवताना ते हळू आवाजात म्हणाले होते, "माणसं उतरवायची असतात रे. टाकायची नसतात." डेन्झिल इंजिनिअर झाला, लंडनच्या बाजूला विमानाच्या कारखान्यात लागला, आणि पहिल्या दिवसापासून त्याच्या मनात चांगल्या विमानाची व्याख्या तीच होती. विमान यावं, जमिनीच्या जरा वर नाक उचलून क्षणभर घुटमळावं, आणि चाकं कधी टेकली ते आतल्याला कळू नये.

ते शिकाऊ विमान त्यानं आणि आणखी तीसेक जणांनी मिळून बनवलं होतं. दोन माणसांचं, छोटं, डॉल्फिनसारख्या पाठीचं जेट. त्यात त्याच्या एकट्याचं म्हणावं असं एक कडं होतं. पंख जिथं विमानाच्या अंगाला बोल्टांनी जोडतात, तिथं आत एक भक्कम कडं असतं. पंखाकडून येणारं सगळं ओझं त्या कड्यानं घ्यायचं. बत्तीस वर्षांच्या डेन्झिलनं त्या कड्यातून जिथं जिथं गरज नाही तिथला धातू काढून टाकला. काढता काढता आतल्या बाजूला एक वळण तयार झालं, मानेसारखं, अगदी निमुळतं होत परत रुंदावणारं. त्यानं साडेसहा पौंड वाचले. तिथल्या प्रमुखांनी पहिलं कडं हातात घेऊन त्या वळणावरून अंगठा फिरवला आणि ते शेजाऱ्याकडे दिलं. शेजाऱ्यानंही अंगठा फिरवला. तसं ते टेबलाभोवती फिरून त्याच्याकडे परत आलं. आयुष्यात त्याला मिळालेल्या शाबासक्यांमध्ये ही सगळ्यांत मोठी. पुढं ते विमान पाच-सहा देशांच्या हवाईदलांनी घेतलं, आणि त्या कड्याला कुठं केसाएवढी चीर गेल्याचं एकदाही ऐकू आलं नाही.

मग अमेरिकेच्या नौदलाला ते हवं झालं. जमिनीवर नको, विमानवाहू जहाजावर उतरणारं हवं. इथल्या कंपनीनं ते काम घेतलं आणि मूळ कारखान्यानं डेन्झिलला दोन वर्षांसाठी उसना दिला. येताना त्याला वाटलं होतं, आकडा बदलायचा आहे, बाकी काय. जमिनीवरचं शिकाऊ विमान फार तर सेकंदाला बारा फुटांच्या वेगानं खाली येईल असं धरतात, जहाजासाठी चोवीस. म्हणजे पाय मजबूत करा, पुढं दोन चाकं लावा, त्या चाकांपुढं, उडताना जहाजावरच्या वाफेच्या यंत्रानं ओढायला एक दांडा द्या, शेपटीखाली डेकवर आडवी ताणलेली तार पकडून थांबायला हूक द्या. हूक दिला की पोटाखालचा हवेचा ब्रेक त्याच्या आड येतो, मग तो दोन बाजूंना हलवा. बाजूंना हलवला की शेपटीवरची हवा ढवळते, मग शेपूट सुधारा. एक धागा ओढावा आणि अख्खा स्वेटर हातात यावा, तसं चाललं होतं. पहिल्यांदा त्याला राग यायचा. मग हळूहळू या लोकांचं कौतुक वाटायला लागलं. इथं कोणी दुसऱ्याच्या चित्रावर बोट ठेवायला लाजत नव्हतं, आणि बोट ठेवल्यावर ज्याचं चित्र तो बाही वर करून खोडायला बसायचा. असं खोडणं डेन्झिलला जमत नव्हतं. तो खोडायचा, पण आधी दोन दिवस मनात भांडून.

काल दुपारी विमान पाडून बघायचं होतं. अख्खं विमान साखळ्यांनी उचलून नऊ फुटांवर टांगतात, चाकं आधी मोटारीनं गरगर फिरवून घेतात, आणि मग सोडून देतात. खाली पोलादी पाट. आवाज असा होतो की छातीतली हवा आपोआप बाहेर पडते. टायरचा निळा धूर, पाय पोटात गेल्यासारखे दबतात, पंखांची टोकं पक्ष्यानं झाडल्यासारखी खाली जाऊन वर येतात. सगळ्या अंगावर नखाएवढ्या चारशे बारा पट्ट्या चिकटवलेल्या असतात. ज्या जागी धातू जेवढा ताणला जाईल तेवढा आकडा ती पट्टी कागदावर काढते. डेन्झिलला तो क्षण कधीच बघवत नसे. आपलं विमान असं टाकायचं. तो नेमका त्या वेळी टिपणवहीत काहीतरी लिहीत असायचा. काल कागद आले तेव्हा चारशे अकरा पट्ट्या हिशेबाप्रमाणे होत्या. एक्केचाळीस नंबरची पट्टी हिशेबाच्या दीडपट होती. ती कुठं आहे ते त्याला तक्त्यात बघावं लागलं नाही; ती त्याच्या कड्याच्या त्या वळणावर होती. या विमानाच्या कामाचा प्रमुख बर्ल स्टॅन्सिल, टेक्सासकडचा, अंगानं आडवा आणि मनानं मोकळा माणूस, त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, हे काय आहे? आणि डेन्झिल म्हणाला, "गोंद सुटला असेल. पट्टी उखडली की असले आकडे येतात." हे खरं होतं. पट्टी उखडली की असले आकडे येतात. सगळ्यांनी हुश्श केलं. टेबलाच्या टोकाला बसलेल्या मिसेस प्युरीफॉयनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

ओडेसा प्युरीफॉय ताणाचं गणित करायच्या. पंचावन्न वर्षांची काळी बाई, लुइझियानातून लहानपणी आलेली, रविवारी चर्चच्या गाण्यात खालचा सूर धरणारी. पन्नासच्या दशकात मोठमोठ्या हॉलमध्ये बायकांच्या रांगा बसवून खटखट यंत्रांवर आकडेमोड करून घेत, त्या रांगेतून त्या आल्या होत्या. सगळा कारखाना एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारायचा. स्टॅन्सिलला झाडूवालाही बर्ल म्हणायचा. पण त्या मिसेस प्युरीफॉय होत्या. एका नव्या पोरसवदा इंजिनिअरनं त्यांना एकदा ओडेसा म्हटलं, तर त्या हसून म्हणाल्या होत्या, "बाळ, त्या नावापर्यंत पोचायला माझ्या नवऱ्याला दोन वर्षं लागली." डेन्झिल जुन्या वळणाचा असल्यामुळे त्यानं पहिल्या दिवसापासून मिसेस म्हटलं, आणि त्याही त्याला मिस्टर कर्नो म्हणायच्या. बावीस महिन्यांत त्यांच्यात कामापलीकडे फारसं बोलणं झालं नव्हतं. तरी दिवसातून एकदा त्यांच्या टेबलावरून जाताना त्याला बरं वाटायचं. त्यांचे कागद बघण्यासारखे असत. पेन्सिलीचे आकडे एकाखाली एक, आणि खोडलेला आकडा कधी रबरानं पुसलेला नाही. त्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि बाजूला आपल्या नावाची अक्षरं. चूक लपवायचीच नाही, अशी त्यांची रीत.

शेवटी तो कारखान्यात गेला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर कुंपणाजवळच्या बाकावर तो सँडविच खात होता, तिथं त्या आल्या. हातात डबा, लाल घेवडा आणि भात, सोमवारचा उरलेला. बसल्या, चार घास खाल्ले, मग म्हणाल्या, "मिस्टर कर्नो, पट्टी उखडली की आकडा उडी मारतो आणि वरच राहतो. ही वर गेली आणि खाली आली. वेळेवर."

तो म्हणाला, अर्धी उखडली असेल.

"असेल," त्या म्हणाल्या. त्यांनी भात चमच्यानं सारखा केला. "माझं काही म्हणणं नाही. खोटं बोलत असेल तर बिचारीला सोडून देऊ. तिच्या दोन बाजूंना दोन नव्या लावू, आणि सोमवारी परत पाडू. शनिवारी मी मोकळीच आहे."

खरं म्हणजे त्यांनी हे काल मीटिंगमध्येच म्हणायला हवं होतं. त्याला ते विचारायचं होतं, आणि विचारायचं नव्हतंही. त्या उठताना आपणहून म्हणाल्या, अगदी सहज, जसं हवेबद्दल बोलावं, "कडं तुमचं आहे. मी बोलले असते तर ती तक्रार झाली असती. तुम्ही बोललात तर दुरुस्ती होईल. दुरुस्ती लवकर होते." मग थोडं थांबून त्यांनी सांगितलं की एकोणीसशे सत्तावन्न साली, दुसऱ्या एका ठिकाणी, त्यांना एका सांध्याच्या गणितात चूक सापडली होती. वरच्यांनी सांगितलं, मुलींनी आकडे करायचे, वाचायचे नाहीत. त्यांनी लेखी दिलं. वर्षानं तो सांधा गुपचूप बदलला गेला. कुणी काही म्हणालं नाही. "कार्बन प्रत अजून आहे माझ्याकडे. कुणाला दाखवायची म्हणून नाही हो. आपलं असावं."

दुपारभर तो चित्राच्या फळ्यासमोर बसून राहिला. फळ्यावर हुकाचा सांधा होता, मनात ते वळण. अठरा वर्षं ते त्याच्या बोटांत होतं. अंधारात मातीत काढून दाखवलं असतं. त्याच्या लक्षात आलं की काल कागद बघताना आपल्याला आश्चर्य वाटलंच नाही. भीती वाटली, पण आश्चर्य नाही. म्हणजे शरीराला आधीच माहीत होतं. जमिनीवर हळुवार उतरणाऱ्या विमानासाठी ते वळण बरोबर होतं, नुसतं बरोबर नाही, सुरेख होतं. आणि जहाजावर उतरणाऱ्यासाठी तीच जागा म्हणजे दुमडून ठेवलेल्या कागदाची घडी. चूक कोणाचीच नव्हती. तरी ती आपली आहे, हे त्याला कळत होतं. आणि त्यात ती वेन्नाला दिलेली तारीख. वेन्ना, त्याची बायको, इथं चार महिने राहून परत इंग्लंडला गेली होती. तिला इथलं ऊन सोसवेना, आणि तिची आई आजारी होती. उसनवारी संपवून नाताळला घरी येतो, असं त्यानं सांगितलं होतं. तिनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खूण केली होती. नवं कडं म्हणजे नवा साचा, नवी घडाई, सगळ्या चाचण्या पुन्हा. म्हणजे दीड वर्ष, कदाचित दोन.

आणखी एक गोष्ट होती, ती त्याला या सगळ्यापेक्षा जास्त बोचत होती. उन्हाळ्यात नौदलाचा चाचणी वैमानिक कमांडर लायल ओस्टरहूट मेरीलँडहून आला होता. उंच, वाळकुडा, नेब्रास्काच्या शेतावरचा माणूस, बोलताना शब्द मोजून टाकणारा. विमान उडवून आल्यावर त्यानं पहिलं वाक्य म्हटलं ते असं की विमान फार सभ्य आहे. स्टॅन्सिल खूश झाला, तर ओस्टरहूट म्हणाला, तारीफ नाही करत. इंजिनाला जोर दे म्हटलं की ते विचार करून देतं, आणि टेकायच्या आधी विमान नाक उचलून थबकतं. जहाज थांबत नसतं, ते पुढं निघून जातं. तिथं थबकायचं नाही, घुटमळायचं नाही, आलं तसं सरळ खाली घालायचं आणि तार पकडायची. डेन्झिलला ते ऐकताना अपमान झाल्यासारखं वाटलं होतं. जे थबकणं त्यानं वीस वर्षं जपलं, तोच दोष म्हणून सांगितला जात होता. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, पहिल्यांदा जहाजावर उतरताना मागच्या सीटवरचा शिक्षक सांभाळून घेत असेल ना?

ओस्टरहूटनं त्याच्याकडे जरा नवलानं बघितलं. "मागं कोणी नसतं," तो म्हणाला.

"पहिल्यांदासुद्धा?"

"पहिल्यांदाच नसतं. शिक्षकांनाही बायकापोरं आहेत, मिस्टर कर्नो." मग हसू पुसून तो म्हणाला की त्या वेळी तो स्वतः तेवीस वर्षांचा होता. समुद्रात टपाल तिकिटाएवढं जहाज दिसत होतं आणि मागची सीट रिकामी होती. "शिकवलेलं सगळं विसरलो. विमानाला आठवत होतं."

हे वाक्य आता, ऑक्टोबरच्या त्या दुपारी, फळ्यासमोर बसलेल्या डेन्झिलला पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं. विमानाला आठवत होतं. आणि या विमानाला काय आठवणार होतं, तर बत्तीस वर्षांच्या एका माणसाला मिळालेली शाबासकी.

शनिवारी तोही गेला. त्यानं जाऊ नये असं कुणी म्हटलं नव्हतं, यावं असंही नाही. विमान साखळ्यांखाली उभं होतं, पोटाचं झाकण काढलेलं. मिसेस प्युरीफॉय गुडघ्याखाली उशी घेऊन आत अर्ध्या शिरल्या होत्या आणि आर्मेंता नावाचा जुना कारागीर त्यांना चिमट्यानं पट्टी देत होता. त्या सॉल्व्हंटनं धातू पुसायच्या, कापूस बघायच्या, परत पुसायच्या. कापूस पांढरा निघेपर्यंत. आर्मेंता म्हणाला, बाई, एवढं तर माझी बायको चर्चची भांडी घासत नाही. आतून आवाज आला, "म्हणूनच तुझ्यासारखा नवरा मिळाला तिला." मग पट्टी ठेवून त्यांनी ती अंगठ्यानं दाबून धरली. एक मिनिट धरायची असते. त्या दोन मिनिटं धरून होत्या, डोळे मिटून, जशी आई पोराच्या कपाळावर हात ठेवून ताप बघते. डेन्झिल बाजूला उभा राहून बघत होता. त्या ज्या जागी अंगठा दाबत होत्या, त्याच जागी अठरा वर्षांपूर्वी एका टेबलाभोवतीच्या माणसांनी अंगठे फिरवले होते. त्याला त्या आठवणीची लाज वाटली नाही, याचंच त्याला नवल वाटलं. त्या माणसांना ते वळण आवडलं होतं. या बाईला ते काय सांगतंय ते ऐकायचं होतं. त्याला एकाएकी वाटलं, या दुसऱ्या गोष्टीत प्रेम जास्त आहे. तो कोट काढून खाली बसला आणि म्हणाला, दुसरी मी धरतो.

सोमवारी विमान पडलं तेव्हा त्यानं वहीत काही लिहिलं नाही. डोळे उघडे ठेवून बघितलं. कागद आले. जुनी पट्टी दीडपट, डावीकडची दीडपट, उजवीकडची त्याहून थोडी जास्त. मिसेस प्युरीफॉयनी तिन्ही आकड्यांखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

वेन्नाला त्यानं कारखान्यातूनच फोन केला. तिकडं संध्याकाळचे सात वाजले होते. मागं रेडिओ चालू होता. त्यानं सगळं सांगितलं, कडं, वळण, रिकामी सीट. ती ऐकत राहिली. मग तिनं रेडिओ बंद केला. नाताळला येणार नाहीस, ती म्हणाली. नाही, तो म्हणाला. पुढच्या नाताळला? त्यानं तोंड उघडलं, आणि ती म्हणाली, "नको. तारीख सांगू नकोस, डेन्झिल. तारखा सांगायला लागलास की मी कॅलेंडरशी बोलत बसते." त्यात राग होता, आणि तो रास्त होता. फोन ठेवण्यापूर्वी ती म्हणाली, त्या बाईचं नाव काय म्हणालास? त्यानं सांगितलं. ती म्हणाली, तिला माझा नमस्कार सांग, आणि फोन ठेवला.

मीटिंगमध्ये नऊ माणसं होती. ओस्टरहूटही होता, खिडकीजवळ, हाताची घडी घालून. जहाजावरच्या चाचणीची तारीख फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली होती; ती स्टॅन्सिलनं वॉशिंग्टनला तोंडानं आणि कागदानं दिलेली होती. डेन्झिल उभा राहिला. त्यानं आधी सांगितलं की मागच्या मंगळवारी मी गोंद सुटल्याचं म्हणालो ते चूक होतं. तेवढं म्हटल्यावर त्याला वाटलं होतं तसं काही झालं नाही. जमीन फाटली नाही, कुणी खुर्ची मागं सरकवली नाही. मग बाकीचं त्यानं सावकाश सांगितलं. कडं नवं करावं लागेल. वळण भरून काढावं लागेल. एकतीस पौंड वजन वाढेल, आणि हे विमान ठरलेल्या तारखेला जहाजावर जाणार नाही.

स्टॅन्सिलनं कागद स्वतःकडे ओढून घेतला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या अंगावर शेकडो माणसांचं काम होतं. तो म्हणाला, "डेन्झिल, चारशे चौदा पट्ट्या आहेत. त्यांतल्या चारशे अकरा म्हणतायत की सगळं ठीक आहे."

"हो," डेन्झिल म्हणाला. "पण तुटेल तेव्हा ते त्या चारशे अकरा जागी तुटणार नाही."

कुणीतरी सुचवलं की तोवर हलक्या हातानं उतरवायचं, वैमानिकांना तशी सूचना द्यायची. त्यावर ओस्टरहूट पहिल्यांदा बोलला. तो म्हणाला, सूचना मी वाचेन. पहिल्यांदा उतरणारं पोरगं वाचणार नाही. ते जहाज बघत असेल. स्टॅन्सिलनं टेबलाच्या टोकाकडे बघून विचारलं, मिसेस प्युरीफॉय, तुमचं काय? त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "मिस्टर कर्नोंनी सांगितलं त्यात मला एक आकडाही बदलायचा नाही." एवढंच. स्टॅन्सिल उठला, फळ्यापाशी गेला आणि तळहातानं तारीख पुसली. हात पँटला पुसत म्हणाला, आता मला वॉशिंग्टनला जाऊन शिव्या खायच्या आहेत, कुणाला माझ्याबरोबर यायचंय का? कुणी हसलं नाही, पण खोलीतली हवा हलली. डेन्झिल खाली बसला तेव्हा त्याला लहान मुलासारखी भूक लागली होती.

त्यानंतर तीन वर्षं गेली. विमान पुन्हा पुन्हा मेरीलँडला गेलं आणि पुन्हा पुन्हा परत आलं. ओस्टरहूट आणि त्याच्या माणसांनी दोषांची पानंच्या पानं दिली. पंखांच्या पुढच्या कडेला सरकत्या झडपा आल्या, शेपूट उंच झालं, इंजिनाला हाक दिल्याबरोबर उठायला शिकवलं गेलं. जे काही विमान सभ्यपणे करायचं ते एकेक करून सुटत गेलं. डेन्झिलला वाटलं होतं की आपलं विमान आपल्या डोळ्यांदेखत परकं होईल. झालं उलटंच. इतक्या लोकांनी आपापलं शहाणपण खोडून त्यात घातलं की ते हळूहळू त्याला पूर्वीपेक्षा जास्त कळायला लागलं. नवं कडं त्यानं आणि मिसेस प्युरीफॉयनी मिळून काढलं. त्यात वळण नव्हतं. जाड, आखूड मानेचं, बैलाच्या खांद्यासारखं कडं. पहिलं घडून आलं तेव्हा कुणी त्यावर अंगठा फिरवला नाही. वेन्ना फेब्रुवारीत सहा आठवडे येऊन राहिली, पुढच्या वर्षीही आली. एका रविवारी ती चर्चमध्ये मिसेस प्युरीफॉयचं गाणं ऐकून आली आणि दिवसभर तेच गुणगुणत होती. तिची आई वारली तेव्हा मात्र तो तिकडं नव्हता, आणि ते दोघांपैकी कुणीही विसरलं नाही.

जहाजावर जायला कड्यावर काम केलेल्यांपैकी दोघांना जागा होती. डिसेंबरातला अटलांटिक, राखाडी, पांढऱ्या रेघांचा. डोक्यावर शिरस्त्राण, कानांवर जाड झापडं, डोळ्यांना गॉगल. डेकच्या वर उंच सज्ज्यात त्यांना उभं केलं होतं. मिसेस प्युरीफॉय सकाळपासून उलट्या करून थकल्या होत्या आणि कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. आत जाऊन बसा म्हटलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. विमान मागून आलं. आधी ठिपका, मग ठिपक्याला पंख. ओस्टरहूट एकटा होता, मागची सीट रिकामी. डेन्झिलला वाटलं की आता नाक उचलेल. अंगातला प्रत्येक स्नायू त्याला नाक उचल म्हणत होता, वडिलांचा हात दांड्यावर हळूच मागं येत होता. नाक उचललं नाही. विमान आलं तसं, न थबकता, न लाजता, सरळ खाली गेलं आणि डेकवर आदळलं. पाय दबले, पंखांची टोकं खाली झुकली, टायरचा धूर निघाला, हुकानं तार पकडली आणि दोन सेकंदांत एवढा वेग शून्य झाला. मग ते तिथं उभं होतं. वाऱ्यात, डुलत्या डेकवर, चारी बाजूंना समुद्र, आणि ते नुसतं उभं होतं. कुणालाही त्यानं उतरवलं नव्हतं, टाकलंही नव्हतं. आणून पोचवलं होतं. डेन्झिलच्या गॉगलमध्ये धुकं जमलं आणि त्यानं ते पुसलं नाही.

दिवसभरात ते तेरा वेळा उतरलं. दुपारी त्याला लिफ्टनं खालच्या हँगरमध्ये नेलं आणि पोटाचं झाकण काढलं. मिसेस प्युरीफॉय कुठूनतरी उशी घेऊन आल्या, गुडघे टेकले, टॉर्च आणि दांडीचा आरसा घेऊन आत शिरल्या. डेन्झिल बाजूला उभा. ओस्टरहूट शिरस्त्राण काखेत धरून आला आणि तोही उभा राहिला. तो घामानं भिजला होता. आत टॉर्चचा उजेड सरकत होता, थांबत होता, परत मागं येत होता. बराच वेळ गेला. मग त्यांचा आवाज आला, आजारानं बसलेला, अगदी साधा.

"काही नाही."

त्या बाहेर आल्या, टॉर्च त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुम्हीही बघा."

बघायची गरज नव्हती. त्यांनी बघितलं होतं. तरी तो वाकला, डोकं आत घातलं. तेलाचा, तापल्या धातूचा आणि समुद्राचा वास आला. उजेडात ते कडं होतं, जाड, अवघडलेलं, एकतीस पौंडांनी जड, तेरा दणके खाऊन जसंच्या तसं. त्यानं त्यावर तळहात ठेवला. ते अजून कोमट होतं. बाहेरून एक खलाशी विचारत होता की झाकण लावू का साहेब, आणि ओस्टरहूट त्याला हळू आवाजात सांगत होता की थांब जरा, घाई नाही.